हयात ओषधीची शोकसभा

जे उगवते ते आपोआप उगवते. पण जे आहे ते आपोआप आहे, असे म्हणता येत नाही. ते आहे, असे कुणीतरी जबाबदार माणसाने म्हणावे लागते. पृथ्वीच्या पाठीवर गवत पहिल्यांदा उगवले तेव्हा असा माणूस उपलब्ध नव्हता. त्यामुळे त्या काळातल्या गवताबद्दल आज खात्रीने काहीच सांगता येत नाही. ही उणीव पुढे वनस्पती-वर्णन कार्यालयाने भरून काढली, आणि तेव्हापासून आमच्या गावात एक पातेही बेवारस उगवलेले नाही.

हे कार्यालय पाणीपुरवठा खात्याच्या वरच्या मजल्यावर आहे. लांबलचक खोली, भिंतीला पाठ लावून कपाटे, आणि एक सोडून सगळ्या खिडक्या कायमच्या बंद. कारण वारा आला की नमुन्याची पाने हलतात आणि हलणाऱ्या पानाचे वर्णन नियमात बसत नाही. कार्यालयात एकही कुंडी नाही. (पूर्वी एक होती. ती कामाच्या वेळेत कुणालाही न विचारता वाढत असे. समज देऊनही फरक न पडल्याने तिला बाहेर ठेवण्यात आले.)

दारासमोरच्या भिंतीवर एक काचेची तसबीर आहे. तिच्यात ओषधीची व्याख्या सुवाच्य अक्षरात लिहिलेली आहे:

'ओषधी म्हणजे अशी वनस्पती, जिचे खोड मऊ, हिरवे व लाकूडरहित असते. जी वारा येईल तिकडे वाकते. प्रतिकूल ऋतूत जमिनीलगत आडवी होते, आणि अनुकूल ऋतू येताच काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा मान वर काढते.'

औषधाशी हिचा संबंध असेलच असे नाही. झुडपाला लाकूड असते, वृक्षाला तर लाकडाशिवाय दुसरे काही सुचत नाही. ओषधीला मात्र ते बाळगण्याची सक्ती नाही. सर्व कर्मचारी रोज सकाळी ही व्याख्या उभे राहून वाचत. वाचली की प्रत्येकाला आतून बरे वाटे. का, ते कुणी तपासले नाही, कारण ते कुणाच्याच कामात येत नव्हते.

आता ह्या कामातली विद्वत्ता पाहा. सामान्य माणूस पानावरून बोट फिरवतो, 'खरखरीत आहे बुवा' म्हणतो आणि जेवायला जातो. वर्णकाला असे जेवायला जाता येत नाही. त्या खरखरीतपणाचा नेमका प्रकार त्याला ठरवावा लागतो. कार्यालयाकडे पानावरच्या केसांसाठीच चाळीसच्या वर शब्द होते: लवदार, रोमश, राठ, मखमली, लोकरी, विरळ लोकरी, उलट्या दिशेने लोकरी, आणि 'दुरून मखमली, जवळून निराशाजनक'. ज्या पानाला केस नसत त्याला पूर्वी 'केशहीन' म्हणत. पण सध्याचे महावर्णक साहेब डोक्याने अगदी तसेच असल्यामुळे तो शब्द आदरपूर्वक निवृत्त करून 'प्रकाशमान' हा शब्द स्वीकारण्यात आला. कडांचे शब्द वेगळे: दंतुर, करवती, दंतुर होऊ पाहणारी. वासासाठी मात्र तीनच मान्य शब्द होते: सुगंधी, उग्र, आणि 'संबंधित अधिकाऱ्यास सर्दी असल्याने प्रलंबित'. गावातल्या सुमारे निम्म्या वनस्पती ह्या तिसऱ्या प्रकारच्या आहेत.

ह्या कार्यालयाचे भूषण म्हणजे उपमहावर्णक अवृंतराव.

हे त्यांचे खरे नाव नव्हे. पानाला देठ नसला आणि ते थेट फांदीवरच बसले, की त्याला अवृंत म्हणतात. उपमहावर्णकांचे डोके असेच मधे मान न घेता थेट खांद्यांवर बसलेले होते. त्यामुळे वरिष्ठांसमोर मान डोलवायची झाली की त्यांना ती कमरेपासून डोलवावी लागे. हे दिसायला फार विनम्र दिसे, आणि त्यांच्या भराभर झालेल्या बढत्यांत ह्या शरीररचनेचा वाटा मोठा होता.

त्यांची कीर्ती अशी, की त्यांचे एकही वर्णन आजवर चुकलेले नव्हते. पद्धत साधी होती. ते वनस्पतीकडे एकदाच पाहत, वर्णन करत, आणि पुन्हा आयुष्यात तिच्याकडे पाहत नसत. 'पुन्हा पाहणे म्हणजे पहिल्या पाहण्यावर अविश्वास,' असे ते नवख्यांना सांगत. नियमही त्यांच्या बाजूने होता: वर्णन बदलता येत नाही, बदलू नये ते वनस्पतीने.

अशा माणसाला एकच इच्छा होती. महावर्णकांची खुर्ची. ती गोल फिरणारी होती, तिला मऊ उशी होती, आणि ती ज्या खिडकीपाशी होती तेवढीच एक खिडकी आख्ख्या कार्यालयात उघडत असे. साहेब निवृत्त होणार होते. खुर्ची अवृंतरावांना मिळणार हे सगळ्यांनाच माहीत होते. फक्त शेवटची पडताळणी बाकी होती. त्यांनी केलेल्या वर्णनांतली एक वनस्पती चिठ्ठी टाकून निवडायची, समितीने जागेवर जाऊन ती पाहायची, आणि वर्णनात केसाचाही फरक आढळला तर खुर्ची दुसऱ्याला द्यायची.

चिठ्ठी निघाली, आणि अवृंतरावांच्या तोंडचे पाणी पळाले. चिठ्ठीतली वनस्पती त्यांच्या ताईच्या स्वयंपाकघरातली होती.

त्याचे असे झाले होते. बऱ्याच वर्षांपूर्वी अवृंतराव ताईकडे जेवायला गेले असताना तिच्या खिडकीतल्या डब्यात दोन पानांचे काहीतरी उगवलेले त्यांनी पाहिले. वाढायला थोडा वेळ होता. रिकामे बसण्यापेक्षा बरे, म्हणून त्यांनी वर्णन करून टाकले: 'ओषधी. वर्षायू, म्हणजे वर्षाच्या आत उगवून, फुलून मरणारी. नाजूक. उंची वीतभर. वास: प्रलंबित. फारसे भवितव्य नाही.' मग पान वाढले गेले, ते जेवले आणि विसरले.

संध्याकाळी कार्यालय सुटल्या सुटल्या ते ताईकडे धावले. ताई शिवणकाम करते. बाहेरच्या खोलीत मशीन, आजूबाजूला अर्धवट कॉलर, एकेक पाय नसलेल्या विजारी, आणि ताईच्या तोंडात टाचण्या. टाचण्यांच्या मधून ती अत्यंत स्पष्ट बोलते.

"ये धाकट्या. भूक लागली की काम निघालं?"

अवृंतराव थेट स्वयंपाकघरात गेले आणि दारातच थबकले. खिडकी दिसत नव्हती. खिडकी असावी असा अंदाज करण्यापुरता उजेड पानांतून येत होता. डबा केव्हाच फुटून त्याच्या जागी घमेले आले होते. एक फांदी फडताळाच्या वरून गेली होती, एकीवर ताईची मोजायची टेप आणि मोठी कात्री लोंबत होती, आणि सर्वांत खालच्या फांदीला कांद्यांची भरलेली पिशवी टांगलेली होती. निळसर फुलांचे तुरे आले होते. वास असा, की सर्दी झालेल्या अधिकाऱ्यालाही तो प्रलंबित ठेवता आला नसता.

"ताई, हे अजून आहे?"

"कोण?"

"हे. ही. ओषधी."

"हो, तिला काय धाड भरलीय?"

"ताई, ही मेलेली असायला हवी."

"कधी?"

"पहिल्याच वर्षी."

"मग तेव्हाच सांगायचंस की रे," ताईने तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या. "आता इतक्या वर्षांनी तिला सांगायचं, बरं दिसतं का?"

अवृंतरावांनी सगळी हकिकत सांगितली. खुर्ची सांगितली, उशी सांगितली, उघडणारी खिडकी सांगितली. ताईने सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे तुला फिरायला खुर्ची पाहिजे म्हणून मी हे उपटू?"

"एक झाड, ताई!"

"झाड म्हणायचं नाही, तूच शिकवलंस. आणि उपटलं तर कांदे कुठे टांगू? तुझ्या कानाला? सकाळी ह्याची दोन पानं गरम पाण्यात पडल्याशिवाय माझा घसा सुटत नाही. घसा सुटला नाही तर गिऱ्हाइकांवर ओरडायचं कुणी, तू येणारेस?"

"मी तुझा सख्खा भाऊ आहे."

"म्हणून तर अजून झाडूला हात घातला नाही मी."

बहीण ऐकत नाही म्हटल्यावर अवृंतरावांनी प्रत्यक्ष वनस्पतीशी पत्रव्यवहाराविना बोलणी सुरू केली. समोर उभे राहून त्यांनी तिला तिचे वर्णन मोठ्याने वाचून दाखवले. 'नाजूक' ह्या शब्दावर जोर दिला. काही फरक पडला नाही. दुसऱ्या संध्याकाळी ताईची पाठ वळताच त्यांनी घमेल्यातले पाणी चहाच्या कपाने उपसले. त्याने मुळांना हवा लागून आणखी दोन तुरे आले. मग त्यांनी तिच्यापुढे प्रतिकूल ऋतू निर्माण करायचे ठरवले आणि बराच वेळ पुठ्ठ्याने वारा घातला. वनस्पती ढिम्म. अवृंतरावांना मात्र पडसे झाले.

"तू घरी जा, धाकट्या," ताई म्हणाली. "आडवा होशील."

समिती आली. तिच्यात तिघे होते. अध्यक्ष स्वतः महावर्णक साहेब, प्रकाशमान. दुसऱ्या, केसांचे निम्मे शब्द ज्यांनी स्वतः घडवले त्या दुय्यम वर्णक लोकरीबाई. आणि तिसरे खालच्या मजल्यावरचे पाणीखात्याचे इंजिनिअर. त्यांना वनस्पतींतले काहीच कळत नव्हते, म्हणून ते तटस्थ सदस्य.

तिघे स्वयंपाकघरात शिरले. खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. अवृंतराव मागे, फडताळाला टेकून, घाम पुसत. ताई दारात, हातात सुईदोरा.

साहेबांनी वर्णन वाचले. खिडकीकडे पाहिले. पुन्हा वर्णन वाचले. खोलीत इतकी शांतता पसरली, की कांद्याची साल गळून पडल्याचा आवाज ऐकू आला.

"वर्णन म्हणते वर्षायू," साहेब म्हणाले. "वर्ष उलटून अनेक वर्षे झाली. त्याअर्थी सदर ओषधी मरण पावलेली आहे. कुणाची हरकत?"

"नाही," लोकरीबाई म्हणाल्या.

"पण साहेब," इंजिनिअर म्हणाले, "मग हे काय आहे?"

"कुठे?"

"हे. माझ्या नाकात चाललंय ते."

साहेबांनी समोरची फांदी हाताने बाजूला केली. "हे अवशेष."

"अवशेषांना फुलं आलीयत."

"अवशेष सुस्थितीत आहेत, असं लिहून घ्या."

"वीतभर उंची म्हणालात. हे तर माळ्यापर्यंत गेलंय."

"मृत्यूच्या वेळी उंची वीतभर होती. नंतर काय केलं ह्याला वर्णन जबाबदार नाही. तुम्ही तटस्थ आहात ना?"

"आहे."

"मग तटस्थ राहा."

इंजिनिअर तटस्थ राहिले. अवृंतरावांचा जीव भांड्यात पडला आणि ते कमरेपासून डोलले. समिती निघणार, एवढ्यात ताई दारात आडवी उभी राहिली.

"मेलंय म्हणता ना?"

"कार्यालयास अत्यंत खेद आहे," साहेब म्हणाले.

"नुसता खेद? माझ्या घरात इतकी वर्षं मढं पडलंय आणि तुम्ही चालला? चार शब्द बोला. दोन मिनिटं उभे राहा. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

अवृंतरावांनी तिला डोळ्यांनी विनवले. लहानपणी त्यांच्या भोवऱ्याची दोरी लपवताना ताईच्या चेहऱ्यावर जो भाव असे तोच आत्ता होता. पण साहेबांना नियम पाठ होते. वर्णन झालेली वनस्पती वारल्यास कार्यालयाने शोकसभा घ्यावी, असा एक नियम खरोखरच होता. (तो आजवर वापरला गेला नव्हता, कारण वनस्पती मेल्याचे कार्यालयाला कळत नसे.)

सभा ओट्यापाशी झाली. प्रास्ताविक लोकरीबाईंनी केले. "तिची पाने लवदार होती," त्या म्हणाल्या आणि सवयीने एका पानावरून बोट फिरवले. "उलट्या दिशेने तर… अहो, मखमली आहेत! म्हणजे होती. फार मखमली होती हो." वासाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, ते प्रसंगाला शोभून दिसले.

इंजिनिअरांनी मयताला पाणी वेळेवर मिळत होते, एवढे पाणीखात्याच्या वतीने स्पष्ट केले.

मग साहेब उभे राहिले. "ती आज आपल्यात नाही," असे म्हणून त्यांनी गळ्यापाशी आलेला तुरा खाली दाबला. तो परत वर आला. "तिची जागा कधीही भरून निघणार नाही." इंजिनिअरांनी जागेकडे पाहिले. तिथे सुई शिरायला वाव नव्हता. बोलता बोलता साहेबांचा आवाज बसला, ताईने लगबगीने गरम पाण्याचे कप पुढे केले, आणि साहेबांनी, नकळतच हात वर नेऊन, मयताची दोन पाने खुडून आपल्या कपात टाकली. मग लोकरीबाईंनी टाकली. मग इंजिनिअरांनी तीन.

"घशाला फार आराम पडतो," साहेब म्हणाले. "कशाचं आहे?"

"आठवणीचं," ताई म्हणाली.

शेवटी दोन मिनिटे शांतता पाळण्यात आली. सर्व जण माना खाली घालून उभे राहिले (अवृंतराव काटकोनात). शांततेत एक मधमाशी आली. ती एकेका फुलात शिरून, मनसोक्त लोळून, पुन्हा बाहेर येत होती आणि जोरजोरात गुणगुणत होती. तिच्याकडे कुणीही पाहिले नाही; ती सभेची सदस्य नव्हती.

आणि तेवढ्यात वारा सुटला. खिडकीतून असा झोत आला, की साहेबांच्या हातातला कागद उडाला. तो धरायला साहेब डावीकडे वाकले. साहेब वाकले म्हणून लोकरीबाई वाकल्या. त्या वाकल्या म्हणून तटस्थ सदस्यही, तटस्थपणे, डावीकडेच वाकले. अवृंतराव तर आधीच वाकलेले होते. ते आणखी वाकायला गेले आणि त्यांची बाही कशाला तरी अडकून टर्रकन फाटली.

सोडवायला त्यांनी हात मागे नेला. हाताला फांदी लागली. कांद्यांची पिशवी टांगलेली तीच फांदी.

ती कडक होती. त्यांनी दाबून पाहिली. वर साल होती, भेगाळलेली, आणि आत लाकूड. चांगले, मनगटाएवढे, सुतारानेही मान्य केले असते असे लाकूड. एवढ्या वाऱ्यात ती फांदी तसूभरही हलली नव्हती.

म्हणजे ती वर्षायू नव्हती हे सोडाच; ती ओषधीच नव्हती. वर्णनाचा पहिला शब्दच चुकला होता. साध्या झुडपाला त्यांनी आयुष्यभर ओषधी केले होते. पुन्हा पाहायचे नसते, पण हाताने पाहू नये असे काही नियमात नव्हते, आणि हाताने पाहून झाले होते.

अवृंतरावांनी नजर वर केली. समोर साहेब, लोकरीबाई, इंजिनिअर, तिघेही डावीकडे कललेले. मऊ. गारव्याने चेहरे किंचित हिरवट. त्यांच्या डोक्यात आपोआप तसबिरीतली व्याख्या सुरू झाली, आणि पहिल्यांदाच तिचा प्रत्येक शब्द एखाद्या नमुन्याशी तंतोतंत जुळू लागला. वारा थांबला. कागद मिळाला. तिघेही काही घडलेच नाही अशा थाटात सरळ झाले.

"काही म्हणायचंय का, उपमहावर्णक?" साहेबांनी विचारले.

ताई पाहत होती. तिच्या सुईत दोरा ओवलेला होता, पण हात थांबला होता. "बोल ना रे, धाकट्या," ती हळूच म्हणाली. आता तिच्या चेहऱ्यावर भोवऱ्याची दोरी नव्हती.

अवृंतरावांनी तोंड उघडले. खिडकीतून पुन्हा एक झुळूक आली. महावर्णकांच्या उघडणाऱ्या खिडकीतून येत असेल तशीच. मागे उशी असली तर किती छान वाटेल, असा एक विचार त्यांच्या अंगावरून गेला.

"काही नाही, साहेब. जरा गार वारं आहे."

आणि ते कमरेपासून डोलले.

समिती गेल्यावर ताईने त्यांची बाही अंगावरच शिवली. मग दोरा दाताने तोडून म्हणाली, "टाका घातलाय. पण कापडच मऊ आहे रे. पुन्हा फाटेल."

खुर्ची अवृंतरावांना मिळाली. ती छान फिरते. निवृत्त साहेबांच्या डोक्यावर उतारवयात चार केस उगवल्याचे कळताच 'प्रकाशमान' हा शब्दही आदरपूर्वक निवृत्त झाला, आणि मान आखूड असलेल्यांची सोय म्हणून 'अवृंत' ऐवजी 'स्थिरचित्त' म्हणावे असे ठरले. ताईकडे येणारी गिऱ्हाइके विजारीबरोबर मयताची एकेक फांदी घेऊन जातात आणि आपापल्या खिडकीत लावतात. त्यामुळे अधिकृत आकडेवारीनुसार गावातून समूळ नाहीशी झालेली ही ओषधी आज दर दुसऱ्या खिडकीत माळ्याला टेकलेली आहे. सकाळी आख्ख्या गल्लीला तिचा वास येतो. वासाची एकही नोंद कुणी केलेली नाही. विचारले तर लोक खोल श्वास घेतात आणि म्हणतात, कुठं काय?

आता हे वाचणाऱ्या काही जणांना वाटत असेल, की आपण त्या स्वयंपाकघरात असतो तर बोललो असतो. असे वाटण्यात गैर काही नाही. ते एक नोंदलेले लक्षण आहे: वारा नसताना प्रत्येक ओषधीला आपण ताठ आहोत असेच वाटते. (खात्री करायची असल्यास खिडकी उघडून पाहावी.)